चालता वाडा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या कसबा पेठेतील घरी एक प्रश्न उपस्थित झाला, आणि तो सुटेपर्यंत चहा दोनदा निवला. आमच्या मातुश्रींच्या वडील भगिनी ग्वाल्हेरीस असतात. वय वर्षे एक्क्याऐंशी. त्यांची प्रकृती तोळामासा असल्याचे तिकडून कळले आणि मातुश्रींनी त्याच सायंकाळी सर्वांसमक्ष सांगितले, "मला एकदा ताईला भेटवून आणा. पुढच्या वर्षावर टाकू नका." त्या स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या; तेव्हा 'पुढच्या वर्षी' ह्या शब्दांचा अर्थ कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

प्रश्न मातुश्रींच्या जाण्याचा नव्हता. तो मोतीचा होता. मोती हा आमचा गावठी कुत्रा. बारा वर्षांपूर्वी तीर्थरूपांनी त्याला नदीकाठावरून पंचाच्या सोग्यात गुंडाळून घरी आणले होते. तीर्थरूप गेल्यापासून तो मातुश्रींच्या खाटेखाली निजतो, आणि त्या देवपूजेस बसल्या की उंबऱ्याबाहेर बसतो. त्याला घरी ठेवून जावे असे आमच्या ज्येष्ठ बंधूंनी सुचविले. त्यावर मातुश्री शांतपणे म्हणाल्या, "अरे, धर्मराज कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसला. मी ग्वाल्हेरीच्या वाटेवर अडले तर काय बिघडले?" महाभारताचा दाखला निघाल्यावर आमच्या घरात वादास जागा उरत नाही.

आगगाडीची चौकशी केली. पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार शय्यांचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे घेता आला तरच कुत्र्यास जवळ ठेवता येते; एरवी त्याने गार्डाच्या डब्यातील पेटीत एकट्याने प्रवास करावयाचा. संधिवाताने आखडलेल्या म्हाताऱ्या जनावरास पौषाच्या थंडीत त्या पेटीत कोंडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तेव्हा आमच्या पुतण्याने मोटारघराची कल्पना काढली. मोटारघर, म्हणजे ज्यास हल्ली कॅराव्हॅन म्हणतात ते वाहन: आत निजावयास चार फळ्या, एक लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचकूप. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडे अधिक कानी पडू लागले आहे. आम्ही असे एक वाहन भाड्याने ठरविले. मौज अशी की, ज्या बोळात दुचाकी वळविणे हेच कौशल्य, तेथे हे घर शिरणार कोठून? ते नदीकाठच्या रस्त्यावर उभे राहिले, आणि गाद्या, डबे, लोणच्याची बरणी, देवांचा संपुष्ट व मोतीचे अंथरूण अशी मिरवणूक कसबा गणपतीस नमस्कार करून तिथवर चालत गेली.

घर घेऊन, जनावरांसह हिंडण्याची ही हौस आमची एकट्याची नव्हे. इंग्लंडात १८८५ साली डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स ह्या निवृत्त आरमारी वैद्याने 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी मुद्दाम बांधवून घेतली आणि तीतून तो थेट स्कॉटलंडच्या उत्तरेस गेला. बरोबर न्यूफाउंडलंड जातीचा एक थोराड कुत्रा आणि एक काकाकुवा असे दोन सोबती होते. पुढे १९६० साली जॉन स्टाइनबेक ह्या अमेरिकन कादंबरीकाराने चार्ली नावाच्या वृद्ध कुत्र्यास शेजारी बसवून अशाच घरमोटारीतून आपला देश पालथा घातला. काकाकुव्याची हकीकत ऐकून आमच्या पुतणीस राघू बरोबर नेण्याची इच्छा झाली. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातील पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे तिला सांगावे लागले. आजोळच्या ओटीवर राघूचा पिंजरा पाहिलेल्या मातुश्रींनाही ते नवीनच होते. राहता राहिली मनी मांजर. कुत्रे माणसास धरून राहते, मांजर घरास. म्हणून मनीस शेजारच्या काकूंच्या स्वाधीन केले.

निघण्यापूर्वी मोतीस पशुवैद्यांकडे नेऊन तपासून घेतले. पिसाळरोगाची लस वेळेवर टोचल्याचा दाखला सोबत घेतला, कारण त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ राहत नाही, आणि वाटेत परक्या कुत्र्यांशी गाठ पडणारच. गळपट्ट्यास आमचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला लावला. गाडी चालू असता त्याने धडपडू नये म्हणून छातीवरून जाणारा पट्टा बांधला. खाणे निघण्याच्या दोन-तीन तास आधी द्यावे म्हणजे उलटीचा त्रास होत नाही, असे वैद्यांनी सांगितले होते. मातुश्रींनी जुनी घोंगडी कापून त्याला पाठीवर बांधावयाची झूल शिवली. पाच दिवसांत ग्वाल्हेर, असा तक्ता बंधूंनी आखून मोटारीच्या भिंतीस चिकटविला.

पहिल्याच दिवशी, आळे फाट्यापुढे चंदनापुरीचा घाट उतरल्यावर रस्त्यालगतच्या शेतात धनगरांचा मुक्काम दिसला. मातुश्रींच्या आग्रहाने आम्ही थांबलो. बायामंडळी घोड्यांसह पुढे येऊन पोहोचल्या होत्या. तीन दगडांची चूल पेटली होती. घोड्याच्या पाठीवरून भांडीकुंडी, पालाचे कापड, कोंबड्यांचे झाप आणि एक तान्हे मूल उतरले होते. मागाहून पुरुषमंडळी चरत्या मेंढरांना घेऊन आली. रात्री मेंढरांभोवती जाळे लावतात, त्याला वाघूर म्हणतात, आणि वाघुरीबाहेर कुत्री राखण करतात. दसरा-दिवाळीनंतर माणदेश-नगरकडच्या कोरड्या मुलुखातून निघावे, काहींनी घाट उतरून कोकणात जावे, शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवावीत, त्या खताच्या मोबदल्यात धान्य घ्यावे आणि पावसाळ्याच्या तोंडी घरी परतावे, असा ह्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. ह्या फिरत्या बिऱ्हाडासही 'वाडा'च म्हणतात, हे आम्हां वाड्यात वाढलेल्यांस त्या दिवशी प्रथम कळले!

मातुश्रींनी एका वृद्ध मेंढपाळास विचारले, "रोज किती चालता?" तो म्हणाला, "आजी, त्याचा काय नेम न्हाई. काल जलमलेलं कोकरू जेवढं चालंल, तेवढा वाडा चालतो." त्याच्या घरधनिणीने मोतीची झूल चाचपून पाहिली आणि हसून म्हणाली, "ही लोकर आमच्याच मेंढरांची." आम्ही ते बोलणे ऐकले, कौतुक केले आणि मोटारीत बसून विसरून गेलो.

विसरल्याची शिक्षा महेश्वरास झाली. धुळे, सेंधवा करीत आम्ही धामनोदहून नर्मदाकाठी वळलो. तक्त्याप्रमाणे तेथे अवघे दोन तास होते. देवळात कुत्र्यास नेणे शक्य नव्हते. म्हणून एका निंबाच्या सावलीत मोटार लावून, दारे-खिडक्या बंद करून, मोतीपुढे पाण्याचे भांडे ठेवून आम्ही घाटावर गेलो. थंडीचे दिवस, त्याला बाधणार काय? अहिल्याबाईंचा तो रम्य घाट, पलीकडे संथ वाहणारी नर्मदा, हातमागावर उतरणारी लुगडी! अर्ध्या तासाचा सव्वा तास कसा झाला ते उमगले नाही. परत येऊन पाहतो तो सावली सरकली होती आणि मोटार लख्ख उन्हात उभी होती. दार उघडताच भट्टीसारखी वाफ अंगावर आली. पाण्याचे भांडे लवंडलेले, मोती जमिनीवर पसरलेला, जीभ बाहेर, डोळे स्थिर. मातुश्रींनी त्याचे डोके मांडीवर घेतले. त्या आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्याहून कठोर शिक्षा आमच्या आठवणीत नाही.

वहिनींनी प्रसंगावधान राखले. त्यास सावलीत आणून पोटावर, पायांवर साधे पाणी ओतले, ओल्या पंचाने पंजे पुसले, वारा घातला. बर्फाचे पाणी अशा वेळी वापरू नये, हे त्यांस ठाऊक होते. तासाभराने एका पशुवैद्यांकडे शिरेतून पाणी देण्यात आले. सायंकाळी मोतीने शेपूट एकदा हलविले. त्या वैद्यांनी जे समजावले ते प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे. माणसास सर्वांगास घाम येतो; कुत्र्यास तो जवळजवळ पंजांपुरताच. त्याने धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकावयाची, आणि बंद जागेत हवाच तापली की ते साधन निकामी होते. बाहेर अवघी २२ अंश उष्णता असली तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तासाभरात ती ४० अंशांच्या पलीकडे जाते, आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. उन्हाळ्यात मनुष्य सावध असतो; हिवाळ्यात तो गाफील राहतो.

त्या रात्री मातुश्री एवढेच म्हणाल्या, "मल्हारराव होळकर धनगराच्या घरचे. त्यांच्या सुनेच्या घाटावर उभे राहून तुम्ही त्या धनगराचे बोलणे विसरलात." बंधूंनी उठून भिंतीवरचा तक्ता फाडला. दुसऱ्या दिवसापासून मोती चालेल तसा वाडा चालू लागला. दर दोन तासांनी थांबावे, मातुश्रींचे गुडघे व मोतीचे पाय एकदमच मोकळे करावेत, आणि मोटारीत निदान एकाने सदैव राहावे, असा नियम झाला. त्यामुळे आम्हांपैकी कोणी उज्जयिनीस महाकाळाचे दर्शन घेतले, कोणी घेतले नाही. परंतु कोणाचे काही अडले नाही.

गुणे ओलांडल्यावर खरी थंडी भेटली. पुण्यातही १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, परंतु तो अपवाद. तिकडे पौषात चार-पाच अंश म्हणजे नित्याचेच. सकाळी धुके इतके दाट की उन्हे वर येईपर्यंत मोटार हलविण्यात शहाणपण नव्हते. १७६० च्या मोहिमेत दक्षिणेकडून बायकामुले व यात्रेकरू घेऊन गेलेल्या आपल्या लोकांचे ऊबदार कपड्यांवाचून काय हाल झाले असतील, हे पांघरुणात बसून आम्हांस उमगले. शिवपुरीच्या मुक्कामी बंधूंनी बाजारातून कोळशाची शेगडी आणली, आणि ती दार लावून आत पेटविण्याचा बेत केला. आम्ही ती तत्काळ बाहेर काढविली. बंद जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा त्यास तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. निजलेले माणूस निजलेलेच राहते. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अशा शोकवार्ता येतात, तरी शेगड्या पेटतच असतात. आम्ही मोटारीबाहेर चहा उकळला, रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून पायाशी घेतले, वायुवीजनाची झडप थोडी उघडी ठेवली, आणि एक गोधडी मोतीखाली घातली. म्हाताऱ्या सांध्यांस थंडी वरून जितकी बाधते तितकीच जमिनीकडून बाधते.

पाचाऐवजी आठव्या दिवशी आम्ही ग्वाल्हेरीस पोहोचलो. मावशींस अंथरुणावरून उठू देऊ नये असे घरच्यांनी ठरविले होते, पण त्या भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्याच. दोघी बहिणी पुष्कळ वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मग मावशी म्हणाल्या, "तीन दिवस उशीर केलास." मातुश्री म्हणाल्या, "म्हाताऱ्याला घेऊन आले ना ग." तो म्हातारा एव्हाना दोघींच्या मध्ये जागा करून पसरला होता. आम्ही दहा दिवस राहिलो. दोघींनी मिळून संक्रांतीचा तिळगूळ केला. परतीच्या वाटेवर मातुश्री फारसे बोलल्या नाहीत. परंतु 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आले नाहीत, आणि त्यांची खंतही दिसली नाही.

ज्यांच्या घरी वृद्ध माणसे व मुकी जनावरे आहेत त्यांनी हिवाळ्यात असा प्रवास करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. करावा, आणि वेळीच करावा. मात्र दिवसाची मजल नकाशावरून ठरवू नये. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांस हे नवे नाही. घरातील पंगत सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचे पान आटोपेपर्यंत उठत नाही; वाट चालतानाही तोच नियम लागू आहे, एवढेच आम्ही धनगराकडून शिकलो.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. शेजारच्या काकूंनी मनीचे दूधभाताचे लाड एक दिवसही चुकविले नव्हते. तरी आम्ही परतल्यावर तिने दोन दिवस आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती निमूटपणे मोतीच्या घोंगडीवर येऊन निजली.