घरघर जात्याची की लॅपटॉपची?

“अगं, ही आजी दळायली का गिरणी चालू हाय?”

लातूरहून दादांचा फोन. दादा म्हणजे माझे वडील. आदल्या रात्री नांदेडच्या फ्लॅटवरून मी त्यांना एक ऑडिओ फाइल पाठवली होती. आजीची कॅसेट! औसा तालुक्यातलं आमचं घर ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात पडलं. आजी वाचली आणि तिच्या जात्यावरच्या ओव्यांची ही एकुलती एक कॅसेटही वाचली. आता आजी नाही. उरलाय तो तिचा आवाज, तोही झिजत चाललेल्या टेपवर.

म्हटलं, सोप्पं आहे. टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपच्या जॅकमध्ये खुपसली, रेकॉर्डचं बटण दाबलं, झालं काम! ऐकलं तर आजी कमी आणि घूंऽऽऽ जास्त. मला वाटलं, जातंच फिरतंय. दादांना मात्र लगेच कळलं.

मंडळी, घरघर कुणाची हे ओळखायचा फंडा एकदम सोपा आहे. कॅसेट पॉज करा. आवाज थांबला तर तो टेपमधला. माझा थांबला नाही! मग लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं गायब. चार्जर आणि टेप वेगवेगळ्या प्लगवर असले की त्यांच्या वायरींचा मिळून एक फेरा तयार होतो आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यातून आवाजात शिरते.

तरी बारीक किरकिर उरलीच. माउस हलवला की वाढायची. कारण लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर, डिस्क, वायफाय सगळे दाटीवाटीने नांदतात आणि साउंडची चिपही त्यांच्यातच. सासूबाई, नणंदा, जावा एकाच खोलीत. मग शांतता कुठून मिळणार?

एक काळ होता, कॉम्प्युटर असेंबल करताना साउंड कार्ड वेगळं घ्यावं लागायचं. क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १९८९मध्ये आलं आणि गेम खेळणाऱ्यांचं दैवत झालं. १९९७मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक आणलं, साउंड हळूहळू मदरबोर्डवरच आला आणि वेगळ्या कार्डाची गरज संपली. खरं सांगायचं तर साध्या इयरफोनवर गाणी ऐकायची असतील तर आजही तेवढं पुरतं. उगाच खिशाला चाट नको. पण किरकिर येत असेल, मोठे हेडफोन असतील किंवा माझ्यासारखी कॅसेट उतरवायची असेल, तर यूएसबीचं बाहेरचं कार्ड घ्या. ते त्या गर्दीच्या बाहेर बसतं, हाच त्याचा मोठा गुण.

वजिराबादेत एका दुकानात गेले. “मॅडम, ७.१ घ्या, एकदम थेटर!” अहो, माझ्याकडे कान दोन, स्पीकर दोन, ७.१चं काय लोणचं घालू? मी तीनच प्रश्न विचारले.

पहिला, लाइन-इन आहे का, तेही स्टिरिओ? काही शे रुपयांच्या डोंगलला बहुधा फक्त माइकचा मोनो जॅक असतो. तो कुजबुज पकडण्यासाठी बनवलेला. त्यात टेपचा दणका दिला की आवाज फाटतो. आजीचा वरचा सूर म्हणूनच चिरकत होता.

दुसरा, हेडफोन कोणता चालेल? डब्यावर ओहम लिहिलेले असतात. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन कशावरही वाजतो. २५० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला मात्र दमदार अ‍ॅम्प्लिफायर लागतो, नाहीतर आवाज मरतुकडा.

तिसरा, हेडफोन आणि स्पीकरला वेगळे जॅक आहेत का? असले तर रोजची उपटाउपट वाचते.

१९२ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांना भुलू नका. सीडी ४४.१वर चालते आणि त्यात सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. आपला कान धडधाकट असला तरी २०पर्यंतच ऐकतो आणि तिशीनंतर तेवढंही नाही!

घरी आल्यावर सेटिंग. विंडोजच्या साउंडमध्ये जाऊन नवं कार्ड डिफॉल्ट केलं, ‘एन्हान्समेंट’ नावाचा मसाला बंद केला. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. ऑडॅसिटी हे फुकटातलं सॉफ्टवेअर उघडलं, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. आवाजाची पट्टी लाल रंगाला शिवणार नाही इतकी खाली ठेवली आणि फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये सेव्ह केली. एमपी३ नंतर कधीही करता येते.

शनिवारी सगळं बोचकं घेऊन एसटीने लातूर. स्पीकर लावले, चार्जर लावला आणि घूं पुन्हा हजर! लॅपटॉपच्या धातूला हात लावला तर झिणझिण्या. म्हणजे अर्थिंग गेलेलं. अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते. २०१६मध्ये ज्या लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं, तिथे खड्ड्यात पाणी कोण ओतणार? इलेक्ट्रिशियनला सांगावा धाडला आणि तोवर चार्जर काढून ठेवला. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

मग दादांच्या कानांवर हेडफोन चढवले. आधी जातं आलं, या वेळी खरंखुरं, दगडावर दगड. मग बांगड्या. मग आजी. दादा डोळे मिटून ऐकत होते. एका ओवीला ते दचकले. हात वर केला, “मागं घे.”

मी मागे घेतलं. ओवीत बायका लेकाचं नाव गुंफतात ना, तसं आजीने दादांचं नाव घेतलं होतं. इतकी वर्षं ते टेपवर होतं आणि माझ्या पहिल्या फाइलमध्ये घूंच्या खाली गाडलं गेलं होतं.

तीनदा ऐकल्यावर दादांनी हेडफोन काढले. म्हणाले, “आता स्पीकरवर लाव. तुझ्या आईलाबी ऐकू दे.”