कढईचा कान का तुटतो?

गटाच्या स्टॉलवर तापल्या तेलाची कढई उचलायची आणि तिचा ओतीव कान हातात यायचा, ही धास्ती आपल्या सगळ्यांनाच असते. म्हणून आज आम्ही त्या कानाच्या पोटात काय असतं ते सांगणार आहोत. (पत्र्याच्या कढईला रिव्हेट मारलेले कान असतात, ती गोष्ट वेगळी.)

तूप कढवून सावकाश निवू दिलं की रवाळ होतं, चटकन गार केलं की रवा बारीक पडतो. ॲल्युमिनियमचंही तसंच. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि साच्यात रव्यारव्यानं गोठतं. वाळूच्या साच्यात ते हळू निवतं, मग रवे मोठाले होतात, कधी तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे. गोठताना धातू शेकडा सहा-सात भाग आकसतो. ती जागा भरायला उरलेला रस मोठ्या रव्यांच्या फटींतून नीट पोचत नाही. मग नेमकं कान जिथे कढईला मिळतो तिथेच चीर जाते किंवा पोकळी राहते.

यावर उपाय साखर कारखान्यातल्यासारखा. तिथे पाकात साखरेचं बारीक बी सोडतात. बी जास्त तेवढे दाणे जास्त आणि लहान. ओतकामात या बियाला ग्रेन रिफायनर म्हणतात. नेहमीच्या कांडीत ५ टक्के टायटॅनियम, १ टक्का बोरॉन आणि बाकी ॲल्युमिनियम असतं. टनाला एक ते तीन किलो पुरतं. पण रस फार वेळ तसाच ठेवला तर हे जड कण तळाशी बसतात, म्हणून ढवळून लगेच ओतावं लागतं.

रवे बारीक म्हणजे त्यांच्यामधल्या सीमा जास्त. ताण आला की धातूतले थर सरकू बघतात, ते प्रत्येक सीमेवर अडतात, बांधावर पाणी अडावं तसे. हॉल आणि पेच या संशोधकांनी १९५१ आणि १९५३ मध्ये हे पोलादावर मोजून दाखवलं.

ओतीव ॲल्युमिनियममध्ये मात्र बहुधा सिलिकॉन बरंच असतं. तिथे बारीक रव्याचा खरा फायदा चिरा आणि पोकळ्या कमी होण्यात आहे. नुसती ताकद त्यानं फार वाढत नाही. सिलिकॉनच्या धारदार पात्या बारीक करायला स्ट्रॉन्शियम वेगळं घालतात. आणि भंगार कसंही वितळवून ओतलेल्या भांड्याला कुठलीच कांडी वाचवत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कान तुटलाच तर तुकडा फेकू नका. तुटल्या जागी छिद्रं किंवा चमकणारे मोठे रवे दिसले, तर तो तुकडा घेऊनच दुकानात जा आणि कढई बदलून मागा.