एका सुताची अडवणूक

अमेरिकेतल्या घरांत डिशवॉशर सहसा ओट्याखालच्या कपाटांच्या रांगेतच बसवलेला असतो. दोन्ही बाजूंना कपाटं, डोक्यावर दगड, मागे भिंत; मोकळी काय ती पुढची बाजू. काही वर्षांनी यंत्र थकतं, नवं मागवलं जातं. जुनं काढायला आलेला माणूस नळ बंद करतो, वीज तोडतो, ओट्याला धरून ठेवणारे स्क्रू सोडवतो, पुढे ओढतो आणि यंत्र जागचं हलत नाही. मधल्या काळात स्वयंपाकघरात जुन्या फरशीवर नवी फरशी चढलेली असते, पण ती यंत्राच्या खाली गेलेली नसते. त्याच्या पायांशी येऊन थांबलेली असते. यंत्र खड्ड्यात उभं आणि पुढ्यात उंबरठा.

हा अडथळा किती मोठा असतो? तिथे ओट्याची रूढ उंची ३६ इंच असते. त्यातला दीड इंच वरच्या पृष्ठभागाचा, म्हणजे खाली साडेचौतीस इंच, ८७६ मिलिमीटर मोकळी जागा उरते. पाय पूर्ण आत फिरवले की ८६० मिलिमीटर उंचीचं यंत्र त्यात आरामात मावतं, वर १६ मिलिमीटर शिल्लक राहतात. आता पुढे पाऊण इंचाची, म्हणजे १९ मिलिमीटरची लाकडी फरशी आली. टाइल, तिच्याखालचा सिमेंटचा पातळ तक्ता आणि चिकटवण्याचा थर मिळूनही साधारण तेवढीच जाडी होते. यंत्राला बाहेर यायचं तर आधी १९ मिलिमीटर वर चढायला हवं, आणि वर जागा आहे १६ची. तीन मिलिमीटर कमी पडले. आपल्याकडचा सुतार याला एक सूत म्हणेल.

अशा वेळी पहिला विचार येतो तो तिरकं करून काढण्याचा. भूमिती इथे मदतीला येत नाही. आडवं पडलेलं कपाट खोलीत उभं करताना त्याचा कोपरा छताला घासतो, तसंच इथेही घडतं. ६० सेंटिमीटर खोलीचं यंत्र मागच्या पायांवर एक अंश कललं, की पुढची कड एका सेंटिमीटरने वर जाते. त्या कलण्यामुळे पुढच्या बाजूची उभी उंची मात्र जेमतेम एक अष्टमांश मिलिमीटरने कमी होते. कोन लहान असताना साइन झपाट्याने वाढते आणि कोसाइन जवळजवळ जागची हलत नाही, हे शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक इथे अक्षरशः हाताला जाणवतं. १९ मिलिमीटरचा उंबरठा चढायला सुमारे दोन अंश कलावं लागतं आणि त्या बदल्यात उंचीत अर्धा मिलिमीटर पदरात पडतो. कमी तीन पडताहेत. म्हणून ताकद लावण्याआधी टेप लावावी: यंत्राची कमीत कमी उंची अधिक नव्या फरशीची जाडी ही बेरीज ओट्याखालच्या जागेपेक्षा कमी असेल तरच यंत्र निघेल.

जुनी फरशी उखडून मगच नवी का घातली नाही, असं कुणीही विचारेल. आळस आणि खर्च ही कारणं आहेतच, पण एक कारण रास्त आहे. १९८० पूर्वीच्या अनेक अमेरिकी घरांत नऊ इंची चौकोनी फरश्यांमध्ये आणि त्या चिकटवणाऱ्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असतं. अखंड असेल तोवर ते सहसा धोक्याचं नसतं. फोडलं, घासलं की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत येतात आणि फुफ्फुसांत जाऊन बसतात. त्यामुळे अशी फरशी धड असेल तर तिला न छेडता तिच्यावर दुसरी घालणं हाच तिथे शहाणपणाचा मार्ग मानला जातो. तिथल्या जुन्या घरात राहायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवायला हवं: यंत्र निघत नाही म्हणून फरशीवर छिन्नी चालवण्याआधी तिच्याखाली काय आहे, त्याची तपासणी करून घ्यावी.

दुसरी वाट म्हणजे ओटा उचलणं. तीन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास भरतो. दोन मीटरचा ओटा शंभर किलोच्या घरात जातो. ग्रॅनाइट दाबाला जितका भक्कम, तितकाच वाकवण्याला हळवा. सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या पुढेमागे दगडाची अरुंद पट्टीच उरते आणि उचलताना तडा जातो तो नेमका तिथे. खालची फरशी निर्धोक असेल तर मला यंत्रापुढची ६० सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढून नंतर पुन्हा बसवणं कितीतरी बरं वाटतं. जुनं यंत्र भंगारातच जाणार असेल तर दार, पाय, झाकणं काढून ते आतल्या आत सुटं करता येतं. पण नवं तर अख्खंच आत जायचं असतं.

इथे मदत अनपेक्षित दिशेने येते. अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. त्याच्या मानकांनुसार चाकाच्या खुर्चीवरून वापरायचा ओटा ३४ इंचांहून उंच असू नये. त्याखाली बसावीत म्हणून सुमारे साडेबत्तीस इंचांची, ८२६ मिलिमीटर उंचीची यंत्रं निघाली. १९ मिलिमीटरचा उंबरठा ओलांडूनही त्यांच्या डोक्यावर ३१ मिलिमीटर मोकळे राहतात. आतला हौद थोडा बुटका असल्याने उंच ताटांची थोडी अडचण होते, एवढंच. एका गरजेसाठी झालेली आखणी दुसऱ्याच अडचणीत कामी यावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

नवं यंत्र बसवताना खड्डा तसाच ठेवू नये. फरशीच्या जाडीचं जलरोधक प्लायवूड आत टाकून तळ समपातळीत आणावा. असं केल्याने पुढच्या वेळी यंत्र सरळ बाहेर येईल, पण त्याहून मोठा लाभ पाण्याच्या बाबतीत आहे. नळी झिरपू लागली की खड्ड्यातलं पाणी उंबरठ्याआड साचत राहतं आणि लाकडी तळ कुजेपर्यंत कुणाच्या नजरेला पडत नाही. तळ समपातळीत असला तर ओघळ पहिल्याच दिवशी पायाला लागतो. बऱ्याच आधुनिक यंत्रांच्या तळाशी तरंगतं बटण असतं, पाणी साचलं की ते पुरवठा तोडतं; पण ते यंत्राच्या स्वतःच्या तबकात पडलेल्या पाण्यापुरतं. मागच्या नळाच्या सांध्यातून गळणारं पाणी त्याला कळत नाही.

महाराष्ट्रातही आता हा प्रश्न दूरचा उरलेला नाही. आपल्याकडे बहुतेक यंत्रं सुटी, ८५ सेंटिमीटर उंचीची असतात. अनेकांचं वरचं झाकण काढलं की उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटते आणि ती ओट्याखाली सरकवता येतात. त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या सदनिकांत तोडफोड, राडारोडा आणि खालच्या मजल्यावर गळती नको म्हणून जुन्या लादीवर नवी लादी बसवणं सर्रास चालतं. गवंडी काम करत असेल तेव्हा यंत्र बाहेर ओढून लादी थेट मागच्या भिंतीपर्यंत न्यायला सांगावं. ती जागा ६० बाय ६० सेंटिमीटरची, म्हणजे दोन बाय दोन फुटांची एकच लादी जास्त लागते.