ताळेबंद जुळला म्हणजे पैसा सुरक्षित असतो का?

नोएडा : घरासाठी आयुष्यभराची पुंजी भरली, कर्जाचे हप्ते सुरू झाले, परंतु ताबा मिळाला नाही. दिल्लीलगतच्या नोएडा व ग्रेटर नोएडा परिसरातील हजारो ग्राहकांना हा अनुभव आला. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात ग्राहकांचा पैसा बांधकामाऐवजी अन्यत्र वळवण्यात आला, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजीच्या निकालात नोंदवला. न्यायालयाने नेमलेल्या लेखापरीक्षकांनी समूहाचे हिशेब तपासल्यानंतर हे व्यवहार उघड झाले होते. कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ सनदी लेखापालांपुरता राहिलेला नाही.

ताळेबंद म्हणजे एका विशिष्ट दिवशी, बहुधा ३१ मार्च रोजी, कंपनीजवळ काय आहे आणि ती कोणाचे किती देणे लागते याचे विवरण. एकीकडे जमीन, इमारती, माल, येणी व रोकड ही मालमत्ता असते. दुसरीकडे भागभांडवल, राखीव निधी, कर्जे व इतर देणी. दोन्हींची बेरीज सारखीच यावी लागते. मात्र बेरीज जुळणे हा आर्थिक प्रकृतीचा दाखला नव्हे.

४० लाखांचे उदाहरण

एका ग्राहकाने बांधकाम कंपनीला ४० लाख रुपये आगाऊ दिले, असे समजू. घर अद्याप दिलेले नसल्याने ही रक्कम उत्पन्न ठरत नाही. कंपनीची रोकड ४० लाखांनी वाढते आणि ग्राहकाचे देणेही तेवढेच वाढते. पुढे कंपनीने २५ लाख रुपये बांधकामावर खर्च केले व १५ लाख रुपये समूहातील दुसऱ्या कंपनीला उसने दिले. आता रोकड शून्य, अपूर्ण बांधकाम २५ लाख आणि भगिनी कंपनीकडून येणे १५ लाख. मालमत्तेची बेरीज ४० लाखच राहते. ताळेबंद जुळतो, पण घर पूर्ण करण्यासाठी पैसा उरलेला नसतो.

चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागल्यास चालू गुणोत्तर मिळते. येथे दोन्ही रकमा चालू धरल्यास ते एक येते. अपूर्ण बांधकाम वगळून हिशेब केला, तर प्रत्येक रुपयाच्या देण्यामागे जेमतेम ३८ पैसे उरतात, आणि तेही उसनवारी परत आली तरच. म्हणूनच ताळेबंदासोबत रोख प्रवाह पत्रक पाहावे लागते. नफा दिसत असूनही व्यवसायातून रोकड वर्षानुवर्षे येत नसेल, तर ती धोक्याची सूचना समजावी.

टिपांमध्ये दडलेली माहिती

नोएडातीलच जेपी इन्फ्राटेक या कंपनीविरुद्ध ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. यमुना द्रुतगती मार्ग उभारणाऱ्या या कंपनीची जमीन मूळ कंपनी जयप्रकाश असोसिएट्सच्या कर्जांसाठी गहाण ठेवण्यात आली होती. त्यांपैकी ७५८ एकर जमिनीचे गहाण व्यवहार सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२० रोजी अवैध ठरवले. दुसऱ्याच्या कर्जासाठी मालमत्ता तारण ठेवली, तर ते कर्ज आपल्या ताळेबंदातील कर्जांच्या आकड्यात येत नाही आणि जमीन मात्र मालमत्तेत कायम दिसते. असे तारण व हमी यांचा शोध ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये घ्यावा लागतो. मालमत्तेवरील नोंदणीकृत बोजाची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही पाहता येते.

सामान्य वाचकाने किमान चार गोष्टी तपासाव्यात : स्वतःच्या भांडवलाच्या तुलनेत कर्ज किती, व्यवसायातून रोकड येते का, समूहातील कंपन्यांना किती रक्कम दिली आहे, आणि लेखापरीक्षकांनी कोणते आक्षेप नोंदवले आहेत. केवळ एका वर्षाचे नव्हे, तर लागोपाठ तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवावेत. आक्षेप नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. आम्रपाली प्रकरणात लेखापरीक्षकांच्या भूमिकेवरही न्यायालयाने ताशेरे ओढले होते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन घर खरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. हे संरक्षण मोलाचे असले, तरी ताळेबंदातील 'ग्राहकांकडून आगाऊ' ही ओळ म्हणजे आपलाच पैसा आहे, हे जाणून तो कोठे गेला हे विचारणे ग्राहकाच्या हिताचे आहे.