धार समोर, पेला हातात

कोल्हापुरात गंगावेशला किंवा मिरजकर तिकटीला म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात, शेजारी चरव्या आणि पेले मांडलेले असतात आणि लोक उभ्या उभ्या, आपल्यासमोर काढलेली धार फेसासकट पितात. हा दूध कट्टा. बाहेरगावच्या पाहुण्याला त्याची गंमत वाटते आणि कोल्हापूरकराला अभिमान. पण गंमत आणि अभिमान यांच्या भरात कट्ट्याचे खरे काम नजरेआड होते. दुधासारख्या, पाणी घालायला सर्वांत सोप्या वस्तूचा अस्सलपणा सील, शिक्का किंवा प्रयोगशाळेशिवाय सिद्ध करणारी ही एक परिपूर्ण व्यवस्था आहे, आणि ती टिकवायची असेल तर कौतुकापेक्षा अधिक काही करावे लागेल, असे माझे म्हणणे आहे.

ही व्यवस्था याच शहरात का रुजली, याची कारणे सरळ आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत गावोगावची पोरे येऊन राहू लागली. 1959 चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच मातीत घडले. पैलवानाच्या खुराकात दूध आणि थंडाई मुख्य, आणि ते दूध पातळ निघाले तर मेहनत वाया जाते. म्हणजे दुधाची पारख करणारे आणि रोज भरपूर पिणारे गिऱ्हाईक पेठेतच होते. गवळी समाजाचे गोठेही पेठांना लागून होते. दिवाळी पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे लावून म्हशी मिरवण्याची आणि पळवण्याची हौस इथे अजून आहे. त्यामागे म्हैस ही घराची मिळकत आणि प्रतिष्ठा दोन्ही असण्याचा जुना हिशेब आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे पंढरपुरी म्हैस. खांद्याच्या मागे जाणारी लांब तलवारीसारखी शिंगे, काटक बांधा आणि साध्या वैरणीवर भागवण्याची तयारी, ही तिची ओळख. पण कट्ट्याच्या दृष्टीने तिचा मोठा गुण स्वभावात आहे. कासेला हात लागला की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि पान्हा सुटतो. जनावर बुजले, जागा परकी वाटली की तोच पान्हा अडतो. दुभते जनावर बहुधा ओळखीचा गोठा, ओळखीचा हात आणि ठरलेली वेळ मागते. गाड्यांचे हॉर्न, माणसांची वर्दळ आणि समोर पेला धरून उभा असलेला अनोळखी माणूस, या सगळ्यात शांतपणे पान्हा सोडणारी आणि गिऱ्हाईक येईल तसे थोडे थोडे, पुन्हा पुन्हा दूध देणारी म्हैस हा या गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, सांभाळून घडवलेला गुण आहे. गवळी जिला दारोदार चालवत नेऊन धार काढून देत असे, तीच म्हैस पुढे कट्ट्यावर उभी राहू शकली.

याच जिल्ह्याने विश्वासाचा दुसरा रस्ताही काढला. 1963 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाने, म्हणजे आपल्या गोकुळने, गावोगावच्या संस्थांवर फॅट मोजून दर द्यायला सुरुवात केली, दूध थंड करून, पाश्चराइझ करून मुंबई-पुण्यापर्यंत पोचवले आणि दोन म्हशींच्या शेतकऱ्याच्या हाती नियमित पैसा दिला. हे काम कट्ट्याने कधीच केले नसते. पण हजारो अनोळखी माणसांमधला विश्वास मोजमापावर उभा असतो आणि पेठेतला विश्वास डोळ्यांवर. लिटरभर पिशवीतले दूध शेकडो म्हशींचे मिश्रण असते. त्याची चव एकसारखी राहावी यासाठी सगळी यंत्रणा राबते. कट्ट्यावरच्या पेल्यात मात्र एकाच म्हशीचे, त्या दिवशीच्या वैरणीचे आणि सरकीपेंडीचे दूध असते.

पेठेतला हा विश्वास टिकवायचा कसा, हे समजायला ब्रिटनमधल्या बिअरची कहाणी उपयोगी पडते. स्कॉटलंडच्या पबमध्ये मिळणारी खरी एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, पिंपात गेल्यावरही मुरत असते. ती गाळून, पाश्चराइझ करून, वरून वायू भरून बंद केलेली नसते. पिंप उघडले की काही दिवसांत संपवावे लागते, म्हणून जाणता पबवाला आणि रोजचे गिऱ्हाईक या दोघांशिवाय ती जगत नाही. कारखान्यातल्या टिकाऊ बिअरने तिला जवळजवळ हटवले होते, तेव्हा 1971 मध्ये ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली. तिने खरी एल कशाला म्हणायचे हे नेमके ठरवले आणि पबवाल्यांकडे तीच मागितली. तरीही 1869 पासून चालत आलेली एडिनबरोची कॅलेडोनियन ब्रुअरी 2022 मध्ये बंद झालीच. चळवळीने नियम मिळतात, गिऱ्हाईक मिळते, पण जागेचे आणि खर्चाचे गणित उरतेच.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. डोळ्यांना पाणी दिसेल, जंतू दिसत नाहीत. ब्रुसेलोसिस किंवा क्षयाची बाधा झालेली म्हैस वरून धडधाकट दिसू शकते आणि धार कितीही ताजी असली तरी रोग आत असेल तर पेल्यात उतरतो. बिअरशी केलेली तुलना इथे संपते, कारण बिअरमध्ये अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता मिळून माणसाला आजारी पाडणाऱ्या बहुतेक जंतूंना रोखतात. दुधाला असे कवच नाही. आपली एल जपणाऱ्या त्याच स्कॉटलंडने 1983 पासून कच्च्या दुधाच्या विक्रीवर बंदी घातली आहे, ही गोष्ट कट्ट्याच्या चाहत्यांनी टाळू नये. आमचे आजोबा पीत होते आणि ठणठणीत होते, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. गरोदर बायका, लहान मुले आणि आजारी माणसे यांनी उकळलेलेच दूध प्यावे, यात तडजोड नको.

मात्र बंदी हा एकच मार्ग नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये नोंदणी, नियमित तपासणी आणि इशाऱ्याची चिठ्ठी या अटींवर शेतकऱ्याला कच्चे दूध थेट गिऱ्हाइकाला विकता येते. आपल्याकडे 2019 पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याची सोय आहे. कट्ट्यावर येणारी म्हैस कानातल्या बिल्ल्यावरून ओळखता येते. मग तिच्या ब्रुसेला आणि क्षय चाचणीची तारीख तिथेच फळ्यावर का लागू नये? धार समोर काढणाऱ्या माणसाला तपासणीही समोर ठेवणे जड जाऊ नये. कास धुवायला स्वच्छ पाणी, पेले विसळायला गरम पाणी आणि शेण-मुताचा निचरा एवढे महापालिकेने द्यावे. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचणाऱ्याला कट्ट्यावर जागा नसावी. पंढरपुरी म्हशीचा गुणच ज्या गोष्टीची गरज संपवतो, ती गोष्ट तिच्यावर लादणे म्हणजे जातीचाही अपमान आहे.

रहदारीचा आक्षेपही खोटा नाही. गंगावेशचा रस्ता अरुंद आहे, गाड्या वाढल्या आहेत. पण वाहनतळाला जागा शोधणाऱ्या शहराला दोन ठिकाणी म्हशींसाठी ठरलेली वेळ आणि आखलेली जागा देणे अशक्य नसावे. खरी अडचण रस्त्यापेक्षा गोठ्याची आहे. पेठेतल्या जमिनीला बांधकामाचा भाव आला की गोठा हा तोट्याचा व्यवहार ठरतो आणि तो शहराबाहेर सरकतो. दूध टँकरने कितीही लांबून येते, म्हैस मात्र रोज चालत येणार, धार देणार आणि रात्री परत जाणार. त्यामुळे कट्टा किती वर्षे चालेल हे पिणाऱ्यांच्या संख्येपेक्षा पेठेपासून चालण्याच्या अंतरावर किती गोठे उरतात यावर ठरेल. शहराच्या विकास आराखड्यात त्यासाठी जमीन राखून ठेवण्याची मागणी गवळ्यांच्या बरोबरीने तालमींनी आणि रोज पेला हातात घेणाऱ्यांनी करायला हवी.