घरच्या फ्रीजमधला बर्फ



रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून थर धरतो, हे आपल्याला माहीत आहे. थर धरला की वाफेची उष्णता रसापर्यंत पोचत नाही, म्हणून कॉस्टिक सोड्याने व ब्रशने नळ्या साफ कराव्या लागतात. घरच्या फ्रीजमध्येही असाच एक इव्हॅपोरेटर असतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा खण, तोच तो. त्याच्या पत्र्यातच बारीक नळ्या असतात. त्यांतून फिरणारा गॅस आतल्या पदार्थांची उष्णता घेऊन जातो. वर बर्फ साचला की तो गोधडीसारखा मध्ये येतो. मशीन जास्त वेळ चालते, बिल वाढते आणि दूध तरीही नासते. म्हणून थर पाव इंचाचा झाला की बर्फ काढावा. (फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवाल्यांना ही कटकट नाही.)

बर्फ काढायला सुरी, उलथने, विळा काहीही लावू नये. आम्ही हे पदरमोड करून शिकलो आहोत. मटारची पिशवी बर्फात रुतली होती, घाईने उलथने घातले, ‘फुस्स’ आवाज आला आणि सगळा गॅस गेला. मटार निघाले, पण फ्रीज गाडीत घालून तालुक्याला न्यावा लागला. शिवाय आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा गॅस असतो. असा आवाज झालाच तर दारे-खिडक्या उघडाव्या. शेगडी पेटवू नये, विजेच्या बटणाला हात लावू नये.

सकाळी आधी प्लग काढावा. हुरडा, ओले खोबरे, खरवसासाठी ठेवलेला चीक असे सारे एकत्र करून वर्तमानपत्रात व जाड चादरीत गुंडाळावे. बर्फवाले लादी गोणपाटात ठेवतात, तसेच हे. खणात दुमडलेले फडके घालून त्यावर गरम पाण्याचे पातेले ठेवावे, दार उघडे ठेवावे. पाणी निवले की बदलावे. लाद्या आपोआप सुटतात, ओढू नयेत. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पुसावे आणि कोरड्या फडक्याने टिपावे. ओल राहिली तर तिचाच पुन्हा बर्फ होतो.

ज्या पदार्थात अजून बर्फाचे खडे आहेत तो परत ठेवायला हरकत नाही. मटण, मासे किंवा चीक पूर्ण सुटून कोमट झाला असेल तर तो परत गोठवू नये, टाकून द्यावा. जीव हळहळतो खरा.

घरात कुणाला साखरेच्या आजारासाठी इन्शुलिन लागत असेल तर त्यांनी विशेष लक्ष द्यावे. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, गोठवायचे नसते. खणाला चिकटून ठेवलेली बाटली गोठते. वितळल्यावर ती वरून चांगली दिसली तरी तिचा भरवसा नाही. ती वापरू नये. इन्शुलिन बर्फाच्या खणापासून लांब, खालच्या फळीवर ठेवावे. सफाईच्या दिवशी ते शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये द्यावे, गुंडाळलेल्या बर्फाळ गाठोड्यात कोंबू नये.

बर्फ पुन्हा लवकर साचत असेल तर दाराचे रबर पाहावे. दारात कागदाचा चिटोरा धरून दार लावावे. तो सहज ओढून निघाला तर बाहेरची दमट हवा तिथूनच आत जाते आहे. रबर आधी साबणाच्या पाण्याने पुसून बघावे. बहुधा तेवढ्यानेच ते नीट बसते.