खारपाणपट्ट्यातला नेमो

नर क्लाऊनफिश फरशीचा तुकडा तोंडानं घासू लागला, की अंडी पडायची वेळ जवळ आली असं समजायचं. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा मासा पोरांना ‘नेमो’ म्हणून ठाऊक आहे. अकोल्यातल्या आमच्या टाकीत त्याची जोडी आहे. दोघांतली मोठी ती मादी. ती फरशीला पोट टेकवत सरकते, मागं नारिंगी अंड्यांची ओळ उमटते आणि नर लगोलग ती फळवत जातो.

पुढची राखण मुख्यतः नराची. पर हलवून तो अंड्यांवर पाणी खेळवतो, मेलेली अंडी वेचून काढतो. काही दिवसांनी अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागतात. आठवडाभरानं, दिवा मालवल्यावर तास-दोन तासांत पिल्लं बाहेर पडतात.

माणसाची कसोटी तिथून सुरू होते. पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं आणि त्याला खायला जिवंतच लागतं. त्यासाठी आधी हिरवं सूक्ष्म शेवाळ वाढवायचं, त्यावर रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव पोसायचे, नंतर आर्टेमिया हा बारीक कोळंबीसारखा जीव द्यायचा. रोटिफरचं भांडं नासलं तर पिल्लं उपाशी मरतात. दहा-पंधरा दिवसांत पहिला पांढरा पट्टा उमटला, की जीव भांड्यात पडतो.

आमच्याकडं पाण्याचं काम आणखी अवघड. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं, पण त्यातले क्षार समुद्राचे नव्हेत. समुद्रात लिटरमागं सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मोजून कालवायचं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जातो, टाकीत मात्र २७-२८ च हवा. वीज गेली, की घरातल्या पंख्याआधी टाकीचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर.

हा खटाटोप मला मोलाचा वाटतो तो प्रवाळासाठी. तिथं एकेका समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनच्या) आसऱ्यानं एक गट राहतो: सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, मग वीण न करणारे बारके मासे. मादी पकडून नेली तर नरच मादी होतो आणि बारक्यांतला मोठा त्याची जागा घेतो. पण या बदलाला वेळ लागतो, तोवर वीण थांबते. आग्नेय आशियात तर शोभेचे मासे पकडायला सायनाइड वापरलं गेलं; त्यानं प्रवाळही मरतं. त्यात समुद्र तापतोय. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ विरंजनाची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. अशा उष्णतेत समुद्रफुलंही पांढरी पडतात.

टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून मासे पकडण्याच्या या साखळीतून सुटका देतो. केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रानं क्लाऊनफिशची वीण साधली आहे. आपल्या राज्यात कांदळवन प्रतिष्ठानानं ऐरोलीत समुद्री शोभिवंत माशांच्या उबवणीचं काम हाती घेतलं आहे. टाकीत जन्मलेल्या क्लाऊनफिशला समुद्रफूल नसलं तरी चालतं. प्रवाळ मात्र घरी आणूच नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे.

मुंबईचा किनारा अकोल्याहून रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरांपेक्षा लांब. तरी अकोला-अमरावतीच्या गिऱ्हाईकाच्या हातात एक गोष्ट आहे. पैसे मोजण्याआधी विचारायचं, “भाऊ, हा टाकीत जन्मला की समुद्रातून आणला?” पक्कं उत्तर मिळालं नाही, तर मासा घ्यायचा नाही.